डॉक्टर मॅडम, कागदावरच्या त्या शितांबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी आणि सासूबाई तुम्हाला भेटायला तालुक्याच्या रुग्णालयात आलो होतो, तेव्हा कळले की दोन महिन्यांपूर्वीच तुमची बदली झाली. कुठे झाली, हे तिथे कोणालाच नेमके सांगता आले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. कुणाच्या तरी हातून ते तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

तुम्हाला आम्ही आठवत असू असे नाही. दाभोळ खाडीच्या काठच्या गावातून आम्ही नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आलो होतो आणि त्याचे वजन साडेसहा किलोच्या वर सरकत नव्हते. सहाव्या महिन्यात उष्टावण होईपर्यंत तो अंगावरच्या दुधावर छान वाढला होता. मऊभात सुरू केला आणि तिथून बिनसले. दोन-तीन घास गेले की तो मान ताणून थांबे, तोंडातून लाळेची धार लागे आणि घेतलेले सगळे बाहेर येई. दूध आणि गाळलेली पेज मात्र विनातक्रार जाई.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तीन ठिकाणी जाऊन आलो होतो. शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात दीड तास थांबल्यावर आम्हाला चार मिनिटे मिळाली. दूध जाते पण भात जात नाही, एवढेच मला सांगायचे होते. ते वाक्य संपण्याआधी आम्लपित्ताचे औषध लिहून झाले होते, आणि ‘पहिलटकरीण आहे, कोंबत असेल’ हे मला नव्हे, माझ्या यजमानांना ऐकवले गेले. ते औषध आम्ही तीन महिने इमानाने दिले. घरीदारी वेगळेच चालले होते: ग्रहणात विळी हातात घेतली असेल, दृष्ट लागली असेल. मी रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळत होते आणि आपले काय चुकले ते मनाशी शोधत होते. त्या चार मिनिटांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही माझे सगळे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, “आत्ता माझ्यासमोर भरवा.” बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती, तरी तुम्ही स्टूल ओढून आमच्यासमोर बसलात. चौथ्या घासाला तो थांबला आणि सगळे तुमच्या हातावर आले. मी शरमून पदराने पुसायला धावले, तेव्हा तुम्ही मला अडवलेत. केसपेपरची कोरी बाजू पुढे घेऊन ती शिते तुम्ही त्यावर पसरलीत, पेनाच्या टोकाने वेगळी केलीत आणि वाकून त्यांचा वास घेतलात. “हे बघा, शीत जसेच्या तसे आहे, आंबट वास नाही. हे पोटात पोहोचलेलेच नाही, वाटेतच अडले आहे. तुम्ही सांगताय ते बरोबर आहे.” मग हलकेच विचारलेत, “तांदूळ घरचा का? सुवास छान आहे.”

मॅडम, पुढे जे जे झाले ते या एका क्षणामुळे झाले असे मी मानते. माझ्या लेकराच्या तोंडातून पडलेल्या अन्नाची माझ्यासारखीच दुसऱ्या कुणालाही किळस आली नाही, असे त्या तीन महिन्यांत प्रथमच घडत होते.

बेरियमचे पांढरे औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत पांढरी रेघ वरून रुंद आली आणि खालच्या भागात दोऱ्याइतकी बारीक झाली, ती तुम्ही आम्हा दोघींना उजेडात धरून दाखवलीत. अन्ननलिका जन्मतःच अरुंद असण्याचा हा विकार साधारण २५ ते ५० हजार जन्मांमागे एखाद्यालाच होतो, हे मला नंतर मुंबईत समजले. इतका विरळा विकार आधीच्यांना ओळखता आला नाही, याचा दोष मी त्यांना देत नाही. त्यांनी ऐकूनच घेतले नाही, याचा देते. श्वासनलिका आणि अन्ननलिका गर्भात एकाच नळीतून वेगळ्या होतात, तेव्हा कधी श्वासनलिकेची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, चुकून अन्ननलिकेच्या भिंतीत राहते, कधी आत पडदा उरतो, कधी स्नायूंचा थरच जाड होतो, आणि हे घडते तेव्हा दिवस गेल्याचे बाईला जेमतेम उमगलेले असते, हे तुम्ही मुद्दाम सासूबाईंकडे बघून सांगितलेत. त्या दिवसापासून आमच्या घरात ग्रहणाचे नाव निघाले नाही.

मुंबईतल्या उपचारांबद्दल सविस्तर लिहीत नाही. त्याच्या नलिकेत कूर्चा आढळली नाही, त्यामुळे तेवढा भाग कापून जोडण्याची वेळ आली नाही. भूल देऊन फुग्याने तीनदा नलिका रुंद केली.

चिपळूणहून परतताना एसटीत त्याला ठसका लागला, तेव्हा कंडक्टरने न सांगता घंटी मारून गाडी थांबवली आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. त्या माणसालाही मी तुमच्याच ओळीत बसवले आहे. समोरच्याची अडचण खरी मानायला पदवी लागत नाही, पण पदवी असून ती खरी मानणारी माणसे भेटली की जीव भरून येतो.

आता तो दोन वर्षांचा होईल. घास लहान करावे लागतात, मध्ये घोटभर पाणी द्यावे लागते. परवा त्याने तांदळाच्या भाकरीचा तुकडा माझ्या ताटातून ओढून घेतला, बराच वेळ चावला आणि गिळला. मी घड्याळाकडे पाहत राहिले. काही परत आले नाही.

मंगळवारी तुमच्यासाठी त्याच घरच्या तांदळाची पाच किलोची पिशवी आणली होती. दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटली नाही, म्हणून परत नेली. सासूबाईंनी ती कडुलिंबाचा पाला घालून बांधून ठेवली आहे. तुमचा पत्ता कळताच घेऊन येऊ.

आपली कृतज्ञ,
एक आई