टपावरची सायकल

पुणे,
रविवार दुपार

प्रिय संज्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभा होतो, म्हणून "पत्रच लिहितो" म्हणून सुटलो. तुला वाटलं असेल, टाळतोय. टाळत नव्हतो रे. गाडीच्या टपावर सायकल न्यायला कॅरिअर कुठलं घ्यावं, हे पाच मिनिटांत सांगण्यासारखं माझ्यापुरतं तरी राहिलेलं नाही. या विषयात माझे बरेच पैसे, एक हँडलबार आणि सोसायटीतली थोडी पत गेलेली आहे. तेव्हा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

टप हा शब्द मुद्दाम वापरला. तुझी हर्क्युलस आपण धुळ्याहून नाशिकला एसटीच्या टपावरून आणली होती, आठवतं? मागच्या शिडीवर तू, खालून चाक रेटणारा मी, आणि बाजूला कंडक्टर, "लगेजचं तिकीट फाडावं लागेल" म्हणत. कांद्याच्या गोण्यांवर आडवी टाकली आणि काथ्यानं आवळली. राहुडच्या घाटात वर खडखडायला लागलं तेव्हा तू खिडकीतून अर्धा बाहेर. जुन्या सीबीएसला उतरवली तर हँडल सिन्नरकडे आणि चाक पंचवटीकडे. तू चाक दोन पायांत धरलंस, हँडलला हिसका दिलास आणि टांग मारून निघून गेलास. मी मागे धावतोय.

आता तुझ्याकडे कार्बन फायबरची सायकल आहे. तिला असा हिसका देता येत नाही, म्हणून हे सगळं पुराण.

तू विचारलंस, मागच्या दाराला पट्ट्यांनी लटकवायचं स्वस्तातलं कॅरिअर का नको? मी तिथूनच सुरुवात केली होती. त्यात सायकली बरोबर नंबरप्लेट आणि टेललाइटच्या पुढ्यात येतात. नंबर झाकला की पोलिसानं थांबवलं तर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. परदेशात गाडीच्या मागे हूक असतो, त्यावर बसणारं कॅरिअर सगळ्यांत सोयीचं, सायकल कमरेएवढ्या उंचीवरच चढवायची. पण आपल्या गाड्यांना तो हूक सहसा नसतो. आणि एकटा असशील तर कसलंच कॅरिअर घेऊ नकोस. मागची सीट पाड, पुढचं चाक काढ, खाली जुनी चादर टाक, सायकल आत. मी एकटा जातो तेव्हा अजूनही हेच करतो. पण दिवेआगरला जायचं तर तू, वहिनी, लेक, दोन सायकली आणि वहिनींचा डबा, एवढं म्हटल्यावर टपाला पर्याय नाही.

आता माझी पहिली चूक. मी आधी कॅरिअर पसंत केलं आणि मग ते बसवायला गाडी घेऊन गेलो. उलटं करायचं असतं. आधी टप बघ.

तुझ्या गाडीला वर दोन्ही बाजूंना त्या चंदेरी दांड्या आहेत ना, त्यांवर जाऊ नकोस. पुष्कळ गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात, पट्टीनं चिकटवलेल्या किंवा दोन क्लिपांवर अडकवलेल्या. वजन घेणाऱ्या रेलचे पाय आत पत्र्याला बोल्टनं बसवलेले असतात. शोरूममधल्या मुलाला विचारलंस तर तो मान डोलावेल, त्याचं ते कामच आहे. गाडीचं मॅन्युअल काढ आणि छतावर किती वजन चालतं ते शोध. लहान गाड्यांना बऱ्याचदा ५० किलोच्या आसपास आकडा दिसतो. आकडाच नसेल किंवा "छतावर सामान ठेवू नये" असं लिहिलेलं असेल, तर विषय तिथेच संपला. रेल शोभेच्या निघाल्या तरी हिरमुसू नकोस, उघड्या छतावर दाराच्या चौकटीत पंजे अडकवून बसणारे आडवे बार मिळतात. मात्र ते प्रत्येक मॉडेलला वेगळ्या मापाचे येतात, मित्राचे उसने आणून बसवायचे नाहीत. जुन्या पद्मिनीला आणि अँबॅसेडरला छताच्या कडेनं पन्हळ होती, कसलंही कॅरिअर चिमट्यानं आवळलं की झालं. बाबांनी तशाच कॅरिअरवर वळकट्या लादून आम्हाला पंढरपूरला नेलं होतं. ती पन्हळ गेली आणि ते सुखही गेलं.

त्या ५० किलोत सगळं आलं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आडवे बार पाचेक किलो, कॅरिअर प्रत्येकी चारेक, तुझी सायकल नऊ, लेकीची हायब्रिड तेरा. म्हणजे पस्तीस झाले. तिसरी चढवायचा मोह टाळ. आणि लेक बॅटरीवाली सायकल मागतेय म्हणालास, ती बावीस-पंचवीस किलोची असते, टपावरची बहुतेक कॅरिअर एका सायकलीला वीस किलोच्या आतच थांबतात.

सनरूफ आहे का तुझ्या गाडीला? मग ते वर उचललं की बारला घासतं का, हे बसवणाऱ्यासमोरच बघ. मागचं दार पूर्ण उघडून बघ, कॅरिअरच्या शेपटीला टेकतं का. माझं टेकतं. दोन वर्षं झाली, डिकी अर्धीच उघडून बटाटे काढतोय.

आता खरी निवड, सायकल कुठं पकडायची ही. तीन तऱ्हा आहेत. पहिलीत सायकल दोन्ही चाकांवर उभी राहते आणि एक हात येऊन तिची खालची तिरपी नळी, डाउन ट्यूब, चिमट्यात धरतो. बसवायला झटपट, म्हणून सगळ्यांत जास्त खपते. लोखंड-अ‍ॅल्युमिनियमला उत्तम. कार्बनला मात्र मी हा चिमटा लावणार नाही. कार्बन ओढ सहन करतो, पण नळीला बाजूनं दाबलेलं त्याला सोसत नाही, आणि आत तडा गेला तर वरच्या रंगावरून कळतही नाही. कंपन्या त्यासाठी वेगळं रबरी अस्तर विकतात. पण तुला मी ओळखतो, तू नट आवळायला लागलास की थांबत नाहीस.

दुसऱ्या तऱ्हेत फक्त पुढचं चाक धरतात, वरून एक आकडा टायरवर दाबून बसतो. फ्रेमला हातही लागत नाही. कार्बनला चांगलं, पण चाकावर मडगार्ड असेल तर आकडा नीट बसत नाही.

तिसरीत पुढचं चाक काढायचं, ते चाक धरणारा दुपायी फोर्क कॅरिअरच्या खोबणीत आवळायचा आणि मागचं चाक पट्टीनं बांधायचं. तुझ्यासाठी मला हीच बरी वाटते. कारण सायकलीपेक्षा तुझा उजवा खांदा. मागच्या वर्षी आखडला होता तो. गाडी उंच, तू साडेपाच फूट, आणि अख्खी सायकल डोक्यावर धरून चिमटा शोधायचा म्हणजे खांदा पुन्हा डॉक्टरकडे. चाक काढलं की वजन कमी होतं, सायकल ठेंगणी होते आणि वाराही कमी खाते. एक प्लॅस्टिकची दोन पायऱ्यांची घडवंची मात्र घे, दाराच्या उंबऱ्यावर बूट ठेवून कसरत करू नकोस. मी करायचो, पावसात बूट घसरला आणि हनुवटी छतावर आपटली.

या तऱ्हेत दोन गोष्टी बघायच्या. तुझ्या फोर्कला थ्रू अ‍ॅक्सल आहे, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस, जाडी १२ मिलिमीटर, रुंदी १००. लेकीच्या हायब्रिडला साधा क्विक रिलीज, बारीक दांडी आणि खटक्याचा. दोन्हींची खोबण वेगळी असते, काही कॅरिअरला त्यासाठी जोडतुकडे येतात. घेताना ते डब्यात आहेत का ते दुकानातच उघडून बघ. आणि तुझे ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. चाक काढल्यावर चुकून लिव्हर दाबली गेली की आतले पॅड एकमेकांना चिकटून बसतात, मग दिवेआगरच्या वाळूत उकिडवं बसून ते स्क्रू-ड्रायव्हरनं फाकवत बस. चाक काढलं की मधे पुठ्ठ्याची घडी सार. मी लग्नपत्रिका वापरतो, त्या जाड असतात आणि घरात कधी संपत नाहीत.

ब्रँडचं विचारलंस. थुल म्हणजे स्वीडनची कंपनी, १९४२ मध्ये हिलरस्टॉर्प नावाच्या गावात निघाली, आणि गंमत म्हणजे पहिला माल होता मासे पकडायचा सापळा. तिकडे नाव 'टूले'च्या जवळपास उच्चारतात, म्हणजे धुळ्याचा माणूस जसं म्हणेल तसंच. वस्तू चांगली आहे, पण बार, पाय, दोन कॅरिअर आणि कुलपं धरली की एका बऱ्या सायकलीचे पैसे होतात. म्हणून मी नाना पेठेत चौकशी करून एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपचं करून घेतलं होतं. मजबूत होतं, यात शंका नाही. इतकं मजबूत की त्याचंच वजन चौदा किलो भरलं. ऐंशीच्या पुढे गेलं की शीळ घालायचं आणि पहिल्या पावसात छतावर गंजाचे ओघळ. घे ते कुठल्याही कंपनीचं घे, पण आयएसओ १११५४ हे मानक खोक्यावर आहे का बघ. ते छतावरच्या कॅरिअरसाठीच आहे. नाना पेठेतल्या दादांनी वेल्डिंगच्या डागाकडे बोट दाखवून "हेच आमचं मानक" म्हटलं होतं.

आता पत कशी गेली ते.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. ताम्हिणीतून येत होतो, पोटात पिठलं-भाकरी, अंग आंबलेलं, गाडीत गाणी. सोसायटीच्या बेसमेंटच्या तोंडाशी साखळ्यांना काळा-पिवळा पाइप लटकतो, त्यावर २.१ मीटर लिहिलंय. गेली अकरा वर्षं मी त्याखालून जातोय, म्हणजे तो मला दिसत नाही. पाइप खणकन वाजला. मला वाटलं, वॉचमनच्या हातून बादली पडली. मग बीम आला. गाडी दीड मीटर, बार आणि पाय दहा-बारा सेंटिमीटर, वर उभी सायकल, म्हणजे सगळे मिळून २.७ मीटर, जवळजवळ नऊ फूट, आणि ते मी सात फुटांहूनही कमी जागेत घुसवत होतो. आवाज कसा आला ते लिहिता येत नाही. हँडलबार दुमडला, चिमट्याचा हात वाकला आणि छताला परातीएवढा पोचा. वरच्या मजल्यांवरून बाल्कन्या उघडल्या. विम्याच्या सर्व्हेअरनं विचारलं, "वरून काही पडलं का?" मी खरं सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे. घरी मात्र ऐकून घ्यावं लागलं, "सायकलवरून पडला असतास तर निदान व्यायाम झाला असं तरी म्हणता आलं असतं."

मी विसरणारच, हे मग धरून चाललो. डॅशबोर्डवर २.७० ची चिठ्ठी चिकटवली, आठ दिवसांनी तीही पाइपासारखीच दिसेनाशी झाली. आता करतो ते असं. सायकल वर चढवली की गेटचं कार्ड काढतो आणि डिकीत ठेवलेल्या पुढच्या चाकाला रबरबँडनं बांधतो. गेट उघडायचं तर खाली उतरून डिकी उघडावी लागते, चाक दिसतं आणि चाक दिसलं की सायकल आठवते. तू विसरत नाहीस असं म्हणशील, तर लग्नाच्या दिवशी चप्पल कुणाची घालून आला होतास ते मला माहीत आहे.

रस्त्यावर बेसमेंट नसतं, पण वड असतात. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर पारंब्या आणि आंब्याच्या फांद्या एसटीच्या उंचीपर्यंत छाटलेल्या असतात खऱ्या, पण रस्त्याच्या मधोमध. समोरून गाडी आली आणि तू डावीकडे दबलास की फांदी सायकलीच्या खोगिराला लागते. गावात वायरी लोंबतात, आणि आपल्या पुण्यात भाद्रपदात मंडळांच्या कमानी. फेरीबोटीवर, बागमांडला असो की दाभोळ, गाडी चढवण्याआधी उतरून वर बघ.

तू इगतपुरीहून समृद्धीनं खाली उतरशील. तिथं जोरात जाता येतं म्हणून तसं जाऊ नकोस, नव्वदच्या पुढे माझी छाती होत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि त्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात सगळं शांत असतं, बाहेर पडताक्षणी आडवा झोत बसला की स्टिअरिंग हातात कळतं. निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबशीलच, तेव्हा सगळे नट आणि पट्ट्या हातानं ओढून बघ, नवीन कॅरिअर पहिल्या तासात बसून घेतं. पाण्याची बाटली, पंप, खोगिराखालची पिशवी उतरवून आत ठेव. आणि वहिनी म्हणतील, "धूळ बसेल, कव्हर घाला". घालू नकोस. कव्हर म्हणजे शीड. मायलेज माझं सतराचं चौदावर येतं, ते धरूनच चाल, आणि परत आलास की बार काढून माळ्यावर टाक, रिकामे बारही पेट्रोल पितात.

हां, दोन्ही सायकलींची तोंडं एकाच दिशेला ठेवशील तर हँडलं एकमेकांत अडकतील. एक पुढे, एक मागे थोडी सरकवून बघ, घराखालीच, निघायच्या पहाटे नको.

तेव्हा आधी मॅन्युअलमधला आकडा आणि टपाचा एक फोटो पाठव. रेल खऱ्या असतील तर मी माझे बारचे पाय तुला देतो, माझ्या नव्या गाडीला ते बसत नाहीत. आणि धुळ्याला जाशील तेव्हा बघ, हर्क्युलस अजून गोठ्यात आहे का. असली तर काट्यावर टाकून वजन कळव. वीसच्या वर भरली तर मीच एसटीनं येतो न्यायला.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या