मुखपृष्ठ छापताना चित्रकाराची सही कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण सिनेमाच्या जुन्या मासिकांची चार मुखपृष्ठं छापलीत. पाहून आनंद झाला, पण लगेच जीव हळहळला. चारही ठिकाणी नुसता चेहरा ठेवलाय. मासिकाचं नाव, किंमत, खालच्या कोपऱ्यातली सही, सगळं कापलेलं. नटी कोण ते मजकुरात आहे, चित्र कुणी काढलं ते कुठेच नाही.

मी सांगलीच्या खणभागातल्या एका छापखान्यात ३४ वर्षं मशीनवर काढली. पिवळा, लाल, निळा, काळा अशा चार रंगांचे चार ठसे एकाच कागदावर बसवायचे. ही जुळणी, म्हणजे आमच्या भाषेत रजिस्टर, केसभर सरकली की ओठांचा लाल हनुवटीवर उतरायचा आणि तो कागद रद्दीत. त्यामुळे मुखपृष्ठ हातात आलं की चेहऱ्याआधी माझी नजर कडांकडे जाते.

बाबूराव पटेलांनी मुंबईत १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ सुरू केलं. त्याची बरीच मुखपृष्ठं गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित रंगवत. तेव्हाचा सिनेमा बहुतेक कृष्णधवल आणि कंपनीकडून येणारे फोटोही तसेच. मग नायिकेच्या साडीचा रंग, गालावरची लाली, पाठीमागचं जांभळं आभाळ कुणी ठरवलं? चित्रकाराने. पडद्यावर करडी दिसणारी बाई लोकांच्या मनात रंगीत झाली ती अशा चित्रांमुळे, असं मला मनापासून वाटतं. ती सही कापली की हे सगळं श्रेय बुडतं. दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांबद्दल आपण किती आदराने बोलतो! सिनेमाच्या मासिकांना रंगवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र रद्दीचा भाव.

आता मासिकाच्या नावाविषयी. आमच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलला सुतळ्या बांधलेल्या असत आणि चिमट्यांनी अंक एकावर एक असे लटकवलेले, की प्रत्येकाची वरची चार बोटंच दिसत. म्हणून नाव वर, आणि डोळे शक्यतो त्याच्या लगेच खाली. ‘फिल्मफेअर’ १९५२ च्या मार्चमध्ये निघालं, पहिल्या अंकावर कामिनी कौशल. ‘स्टारडस्ट’ १९७१ मध्ये आलं. या इंग्रजी मासिकांची एक सोय होती. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, नटाचं डोकं दोन अक्षरांपुढे आलं तरी नाव वाचता येतं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. ती मधेच तुटली की शब्दच उसवतो. त्यात मराठी ‘चंदेरी’चं नाव घ्या: अनुस्वार, मात्रा, वेलांटी, सगळं रेषेच्या वर. त्या नावाला डोक्यावर मोकळी जागा द्यावीच लागते. ‘रसरंग’वर एकच टिंब, म्हणून ते वरच्या कडेला अगदी चिकटून बसू शकतं. नटीचं कपाळ कुठे थांबवायचं हे असल्या गोष्टींवर ठरतं. आपण नाव कापलंत, त्यामुळे तिसऱ्या चित्रातल्या बाईची मान एवढी कलती का, हे वाचकाला कळणारच नाही. वरची वेलांटी टाळायला ती कलवलेली आहे.

पुढे फोटो आले. ‘चंदेरी’चे संपादक गौतम राजाध्यक्ष स्वतःच छायाचित्रकार, त्यांचा मऊ उजेड मला फार आवडायचा. फोटोंबरोबर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना मथळ्यांची गर्दीही वाढत गेली. त्यावर आज लिहीत नाही.

हे पत्र लिहायला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. आम्ही विश्रामबागला मेहुण्यांकडे. आठ दिवसांनी परतलो तर पलंगाखालच्या दोन्ही ट्रंका चिखलाने भरलेल्या. गुळगुळीत आर्ट पेपरवरचे अंक एकमेकांना चिकटून विटा झाले होते. त्या कागदावरचा मातीचा लेप भिजला की असंच होतं, मला ठाऊक होतं, तरी मी नखांनी सोडवत बसलो. एकही सुटला नाही. साध्या, खरबरीत कागदावरचे तेवढे वाचले. सुनेने ते कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवले, स्टॉलवर लटकायचे तसेच. अशी ३१ मुखपृष्ठं माझ्याकडे उरली आहेत.

माझं मागणं साधं आहे. मुखपृष्ठ छापाल तेव्हा चारही कडांसह छापा. खाली चित्रकाराचं किंवा छायाचित्रकाराचं नाव द्या, सापडलं नाही तर ‘चित्रकार अज्ञात’ एवढं तरी लिहा. माझी ३१ मुखपृष्ठं मी आपल्या सांगली कार्यालयात घेऊन यायला तयार आहे. पुराचे डाग आहेत, पण १९ चित्रांवरच्या सह्या स्पष्ट वाचता येतात. बहुतेक खाली उजवीकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त मुद्रण कामगार, गावभाग, सांगली