औषधांच्या खिडकीतल्या फार्मासिस्ट ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, हे मला माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकात औषधांच्या खिडकीशी गेल्यावर कळलं. तुमच्या जागी आलेल्या मुलाकडे तुमचा नंबर मागितला, तर तो म्हणाला, ‘काकू, असा कुणाचा नंबर देता येत नाही.’ बरोबरच आहे त्याचं. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. फौजींचे व्हॉट्सॲप ग्रुप किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे, फिरत फिरत पोचेल तुमच्यापर्यंत.

ओळख पटावी म्हणून सांगते. तोफखान्यातले हवालदार, दोन्ही कानांनी कमी ऐकणारे, काउंटरसमोर सावधानमध्ये उभे राहून प्रत्येक वाक्याला ‘येस मॅडम’ म्हणणारे. त्यांची मी बायको. गावात त्यांना मेजर म्हणतात. आमच्या सातारा-सांगलीकडे पेन्शनवर आलेला कुठलाही फौजी पारावर पोचेपर्यंत मेजर होतो, त्या बढतीला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

त्या ‘येस मॅडम’पासूनच सुरुवात करायला हवी. माझं अर्धं आयुष्य फॅमिली क्वार्टरमध्ये गेलं. देवळाली, जालंधर, सिकंदराबाद. मुलाला ताप आला की एमआय रूमला, म्हणजे छावणीतल्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर वर्दीतला, पैशाचा विषयच नाही. पेन्शनवर आलो आणि ते सगळं सुटलं. तेव्हा ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना नव्हती, ती २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. मिलिटरी हॉस्पिटल होतं, पण ते लांब, आणि तिथेही जागा असेल तर पेन्शनरचा नंबर. मग गावातल्या खासगी डॉक्टरची जी सवय लागली ती योजनेचं कार्ड आल्यावरही सुटली नाही. पण डॉक्टर वर्दीतला असो की शर्टपँटमधला, आमच्या ह्यांच्या लेखी तो अधिकारीच. ‘काही त्रास?’ म्हणून विचारलं की ‘नाही साहेब, एकदम फिट.’ ‘कळलं ना?’ म्हटलं की ‘येस सर.’ अर्धं ऐकू आलेलं नसतं, पण अधिकाऱ्याला ‘परत सांगा’ म्हणायचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलंच नाही.

ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा गावातल्या डॉक्टरांनीच ओळखलं, हे आधी सांगते, कारण खासगीवाल्यांना नावं ठेवायला हे पत्र नाही. त्यांनी ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि गाडीत घालून पुण्याला पाठवलं. पुण्याचं हॉस्पिटलही खासगी, पण योजनेच्या पॅनेलवरचं, म्हणजे यादीतलं. कार्ड घेतलं, डिपॉझिट मागितलं नाही, त्याच रात्री स्टेंट बसवला. हवालदार म्हणून जनरल वॉर्ड मिळाला. शेजारच्या कॉटवरच्याचा मुलगा बिलाच्या काउंटरवर हात जोडून उभा होता, आणि आम्ही फक्त सह्या करून घरी आलो. योजनेला शिव्या देणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

खरा घोळ घरी आल्यावर झाला. तेही कुणी काही चुकीचं दिलं म्हणून नाही, सगळ्यांनीच बरोबर दिलं म्हणून! गावातल्या डॉक्टरांची बीपीची गोळी आधीपासून चालू होती. पुण्याच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर हार्टच्या गोळ्या लिहिल्या, त्या पहिल्या महिन्याच्या आम्ही तिथल्याच मेडिकलमधून आणल्या. मग ते कार्ड पॉलिक्लिनिकला दाखवलं, तिथून सरकारी गोळ्या मिळाल्या, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या नावाच्या. ह्यांच्या हिशेबी तिन्ही ऑर्डर वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या, तेव्हा तिन्हींची तामिली झालीच पाहिजे.

पुढच्या काही आठवड्यांत माणूस मंदावला. उठताना भोवळ, हात गार, चार पावलं चालले की बसायचं. पारावर जाणं बंद. भाऊकी म्हणाली, एवढं मोठं झाल्यावर असं होतंच. तालुक्याला एका दवाखान्यात नेलं तर तिथे अशक्तपणा म्हणून सलाईन लावली आणि वर टॉनिक दिलं. पिशवीत आणखी एक बाटली वाढली.

त्यानंतर आम्ही महिन्याची औषधं घ्यायला तुमच्या खिडकीशी आलो. आमच्या मागे केवढी रांग होती! एक सुभेदार साहेब ‘सकाळी सातपासून उभा आहे’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत होते. (रांगेत हुद्दा चालत नाही, हे काही साहेब लोकांच्या अजून पचनी पडलेलं नाही.) तुम्ही ह्यांना विचारलं, ‘काका, चक्कर येते का?’ उत्तर आलं, ‘नाही मॅडम, एकदम फिट.’ तुमची नजर माझ्याकडे वळली. मी मानेनंच हो म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, ‘घरी जेवढ्या गोळ्या घेतात तेवढ्या सगळ्या दाखवा.’ मी दोन-तीन पाकिटं काढायला लागले, तर तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून अख्खी पिशवी घेतलीत आणि काउंटरवर उलटी केलीत.

ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही एकेक स्ट्रिप पालथी करत होतात. कंपनीचं ठसठशीत नाव सोडून त्याखालची मुंगीएवढी अक्षरं वाचायची आणि निळ्या पेननं गोल करायचा. एका स्ट्रिपवर गोल, दुसऱ्यावर गोल, मग तिसऱ्यावर. तिन्ही शेजारी ठेवून मला म्हणालात, ‘काकू, हे वाचा.’ तिन्हींवर मेटोप्रोलॉल. गावातल्या बीपीच्या गोळीत ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं, पुण्याच्या गोळीत वेगळ्या कंपनीचं, आणि तुमच्याच खिडकीतून मिळालेल्या गोळीत साध्या नावानं. एकच औषध हे तिनदा घेत होते. त्यानं नाडी मंदावते, एवढं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत, आणि खिडकीतूनच ह्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिलात. नाडी ४४.

त्यावर तुम्ही रांग थांबवलीत, बाहेर आलात आणि ह्यांना मेडिकल ऑफिसरांच्या खोलीत स्वतः नेऊन बसवलंत. सुभेदार साहेबांना म्हणालात, ‘साहेब, इमर्जन्सी आहे’, आणि सांगायला हवं की त्याबरोबर तेच पुढे होऊन खुर्ची घेऊन आले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पुण्याला फोन लावला, मग काय बंद आणि काय चालू ते ठरलं. मी तर सगळंच बंद करायच्या विचारात होते. तुम्ही बजावलंत की ही गोळी एकदम पूर्ण तोडायची नसते, डॉक्टर सांगतील तेवढी चालूच ठेवायची. हे तेव्हा कुणी सांगितलं नसतं तर आगीतून फुफाट्यात गेलो असतो.

पारावर आमच्याकडे कायम वाद चालतो, सरकारी बरं की खासगी. एकजण म्हणतो सरकारी फुकट म्हणजे तसलंच असणार. पण ते फुकट नाही हो! नोकरी संपताना वर्गणी भरून घेतात, २०१७ च्या आदेशानं हवालदारापर्यंत ३०,००० रुपये. दुसरा म्हणतो, पॅनेलवरचे खासगीवाले कार्ड बघितलं की तोंड वाकडं करतात. करतात काही, मीही अनुभवलंय. पण त्यांची बिलंही सरकारकडे अडकून पडतात आणि दर ठरलेले असतात, तेही कुणी बोलत नाही. माझं म्हणाल तर स्टेंट खासगी माणसानं घातला आणि पैसे सरकारनं दिले, आणि दोघांनीही आपापलं काम चोख केलं. मात्र एकाचा कागद दुसऱ्यानं वाचायचा असतो, ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं. ते तुम्ही आपणहून केलंत, वर्षावर्षाच्या कराराच्या पगारात, आणि मागची रांग ओरडत असताना.

नंतर तुम्ही जे बारीकसारीक शिकवलंत तेही लिहून ठेवते, वाचणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल. औषध स्टॉकमध्ये नसेल तर नुसतं परत यायचं नाही, ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, असं लिहून घ्यायचं, म्हणजे बाहेरून घेतल्याचं बिल जमा करता येतं. इमर्जन्सीत पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, आणि क्लेमचे पैसे हॉस्पिटलच्या बिलाप्रमाणे नाही तर सरकारी दरानं मिळतात, तेव्हा वरचा फरक आपल्या खिशातून जाणार हे धरूनच चालायचं. रिकाम्या स्ट्रिपही टाकायच्या नाहीत, दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना न्यायच्या. आमच्या गल्लीतल्या दोन वीरपत्नी आता पिशवीच घेऊन जातात, आणि तुमच्या जागचा तो मुलगा सुरुवातीला वैतागायचा, आता स्वतःच ‘पिशवी आणलीत का’ म्हणून विचारतो.

कानाचंही तुम्हीच मनावर घेतलंत. ‘काकांना हृदयापेक्षा आधी कानाचं मशीन द्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते कळेल’, असं तुम्ही हसत म्हणाला होतात. रेफरल झालं, तपासणी झाली, मशीन आलं. आता ह्यांना सगळं ऐकू येतं, माझं बोलणं सोडून. परवा पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘कळलं ना?’ तर हे म्हणाले, ‘नाही सर, परत सांगा.’ मी खुर्चीवरून पडायचीच राहिले.

नाडी आता ६८ आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तुम्ही सध्या कुठे आहात, दुसऱ्या पॉलिक्लिनिकात की एखाद्या मेडिकल दुकानात, ते कुणाकडून तरी कळवा. यंदाची हळद घरची आहे, डबा भरून ठेवलाय, फक्त पत्ता हवा.

तुमची,
हवालदार काकू

ता. क. ह्यांनी सॅल्यूट सांगितलाय.