खुन्याचं नाव पेन्सिलने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कथा-चित्रपटांतल्या कलाटणीवरचा लेख वाचला. शेवटच्या दहा मिनिटांत धक्का बसला नाही तर हल्लीच्या प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, असं लेखकाचं म्हणणं. पान उलटलं, तर एका नव्या चित्रपटाच्या परीक्षणात तो धक्का काय आहे ते चौथ्याच ओळीत छापलेलं! म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या गावी एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. आमच्याकडे सगळ्यांत जास्त झिजायचं ते रहस्यकथांचं कपाट. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांतली दीड-दोनशे आमच्याकडे होती आणि बाइंडिंग करून करून पुठ्ठे मूळ पुस्तकापेक्षा जाड झाले होते. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी संध्याकाळी साडेपाचला शाळकरी पोरं आणि पेन्शनर एकाच रांगेत उभे असायचे.

१९८९ च्या सुमाराला तक्रारी येऊ लागल्या. पहिल्या पानावर, दाखल क्रमांकाच्या खाली, कुणीतरी बारीक पेन्सिलने लिहून ठेवायचं, ‘खुनी – दिवाणजी’. दुसऱ्यात, ‘पुतण्या. विम्यासाठी.’ एकात तर नुसतं ‘डॉक्टर नव्हे’, म्हणजे उरलेले सगळे संशयित वाचकाने आपले आपण तपासावेत. एक गृहस्थ काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाले, “बाई, या महिन्याची वर्गणी परत द्या.” दुपारी वाचनालय बंद असताना मी खोडरबर घेऊन बसायचे. कागद इतका जुना की नावाबरोबर पानही निघून यायचं.

शेवटी मीच तपास केला. सात पुस्तकांची कार्डं टेबलावर मांडली. सातही कार्डांवर एकच सभासद क्रमांक सापडला. निघाले एक निवृत्त कंपाउंडर. पांढरं धोतर, काळी टोपी, पुस्तक कधी एक दिवस उशिरा आणलं नाही. मी विचारलं तेव्हा जराही वरमले नाहीत. म्हणाले, “बाई, मी आधी शेवटचं पान वाचतो. मग निवांत पहिल्यापासून. नाव ठाऊक असलं की छातीत धडधडत नाही, आणि तो माणूस कसा वागतोय तेही नीट बघता येतं. माझ्यासारखं आणखी कुणी असेल म्हणून लिहून ठेवतो.” आता एवढ्या परोपकारावर दंड काय लावणार?

पुढे २०११ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी लघुकथांवर असाच प्रयोग केला आणि शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या असं त्यांना आढळलं. नंतर इतरांच्या प्रयोगांत वेगळंही निघालं, पण मला आमचे कंपाउंडरकाका आठवलेच.

त्यांच्यामुळे मी पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी वेगळ्या नजरेने बघायला लागले. काही रहस्यकथा गावभर एकदा फिरल्या की कायमच्या कपाटात. खुनी कळला, विषय संपला. काही मात्र त्याच माणसांनी पुन्हा नेलेल्या. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ची इंग्रजी प्रत आमच्याकडे होती. वाचणारे मोजके, एक वकील, दोन-तीन प्राध्यापक. तरी चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवावी लागली. तिथेही कुणीतरी पेन्सिलने नाव लिहिलं होतं, पण अक्षर काकांचं नव्हे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘अशक्य’. त्याखाली शाईने, तिसऱ्या अक्षरात, ‘मागे जाऊन वाचा’. ते पान मी खोडलं नाही. (नाव इथेही सांगणार नाही. शंभर वर्षं झाली म्हणून काय झालं?)

मीही मागे जाऊन वाचलं. दहा मिनिटांचा एक हिशेब लेखिकेने साध्या दोन वाक्यांत आपल्या डोळ्यांपुढे ठेवलेला आहे. त्यांत एक अक्षरही खोटं नाही. आपण घाईत पुढे गेलेलो असतो. ही फसवणूक आहे असं तेव्हा काही वाचक म्हणाले होते. माझ्या मते हिशेबाची वही उघडी ठेवून केलेली ही सचोटी आहे.

असाच अनुभव ‘दृश्यम्’ने दिला. मूळ मल्याळम, २०१३ चा; मी पाहिला तो निशिकांत कामत यांचा २०१५ चा हिंदी, गोव्यात घडणारा. भाच्याने रिक्षातच शेवट सांगून टाकला होता. थिएटरात सगळे त्या कुटुंबाकडे बघत होते, मी मात्र एका जागेकडे बघत होते. ती जागा पडद्यावर मधूनमधून येत राहते आणि कुणाचं लक्ष जात नाही. माझा शेवट बुडाला, पण दिग्दर्शकाची हातचलाखी मला संथपणे बघायला मिळाली. घरी येऊन भाच्याला मात्र चहा दिला नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. जिच्या चितेला अग्नी दिला तीच बायको कोर्टात आरोपी म्हणून उभी, आणि उलटतपासणी घेणारा नवरा. दोन वर्षांत हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला. उकल कळल्यावर तो चित्रपट मी आणखी तीनदा पाहिला आहे, तो त्या उलटतपासणीसाठी. नवऱ्याचा चेहरा दर वेळी वेगळा वाटतो.

याउलट रोज रात्री घराघरांत जी कलाटणी येते तिच्याबद्दल काय बोलावं? मेलेली सून प्लास्टिक सर्जरी करून परत येते, कारण आधीच्या नटीने मालिका सोडली. त्याचा मागमूस आधीच्या भागांत कुठून असणार, लेखकालाच सोमवारपर्यंत ठाऊक नसतं. हिचा भाग पुन्हा बघणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि कलाटणीशिवाय चालतच नाही, हे लेखकाचं म्हणणं तर मुळीच पटलं नाही. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ चं. हाच तो लखोबा लोखंडे हे आपण धडधडीत बघत असतो, आणि तो मात्र कोर्टात शांतपणे नाही म्हणतो. प्रभाकर पणशीकरांचा प्रयोग मी खुल्या नाट्यगृहात, डासांत बसून पाहिला. काय होणार हे ठाऊक असून माणसं पुढे झुकून बसली होती. कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यांना कर्ण कुणाचा मुलगा हे का ठाऊक नसतं? तरी कुंती त्याला भेटायला निघाली की पदर डोळ्यांना लागतोच.

आता आपल्याला विनंती. परीक्षणात शेवट फोडू नका, हे झालंच. पण ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ असंही छापू नका. ते वाचून माणूस थिएटरात पोलिसासारखा बसतो. माळ्यावर संशय, दूधवाल्यावर संशय, आणि मधल्या दोन तासांतलं एकही चांगलं वाक्य कानात शिरत नाही. (हे पत्र लिहून मीही थोडंसं तेच पाप करते आहे, ‘दृश्यम्’ न पाहिलेल्यांनी क्षमा करावी.)

निवृत्तीच्या वर्षी निर्लेखनात निघालेली काही पुस्तकं मी रद्दीच्या भावाने घरी आणली. त्यांत काकांचं ‘डॉक्टर नव्हे’ आहे. खोडलेलं असूनही उजेडाकडे धरलं की वाचता येतं. मागच्या आठवड्यात ते पुन्हा वाचलं. डॉक्टर नाहीच, पण पृष्ठ ४२ वर तो खोटं का बोलतो, ते काही मला अजून उलगडलेलं नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल