मग शाळेतले बुजरे मूल कोणामुळे बुजरे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरशाळेवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटले आपल्याच नजरेतून काही निसटले असावे. घरी शिकणारी मुले ‘समाजापासून तुटतात’ हे विधान सुरुवातीला आहे, मध्ये आहे आणि शेवटी ठळक टायपात आहे. आधार मात्र कुठेच नाही. सोबतच्या चित्राबद्दल काय बोलावे! खिडकीच्या गजांना हनुवटी टेकून बसलेले केविलवाणे पोर. चित्रकाराला असे मूल प्रत्यक्ष बघायचे असते, तर आधी ते घरात सापडायला हवे होते.

माझी मुलगी दहा वर्षांची, शाळेत जात नाही. गेल्या सुट्टीत तिला बालनाट्य शिबिरात घातले. पहिल्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून ओळख: नाव सांगा, शाळा सांगा, इयत्ता सांगा. हिने नाव सांगितले आणि गप्प बसली. खोदून विचारल्यावर म्हणाली, “मी घरीच शिकते.” झाले! संध्याकाळी शिबिराच्या ताई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बुजते हो फार. घरी एकटीच असते ना, त्यामुळे.” त्याच गोलात एक मुलगा नावसुद्धा न सांगता रडायला लागला होता. तो रोज शाळेत जातो. “शाळेत घालता ना, म्हणून रडतो” असे त्याच्या आईला कोणी म्हणाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. त्याचा तो स्वभाव. हिची मात्र घरशाळा.

पुढे ती रुळली. लहान मुलांकडून संवाद पाठ करून घेऊ लागली, प्रकाशयोजनेच्या काकांमागे फिरून कुठला दिवा कशाला ते विचारू लागली. तर शेवटच्या दिवशी ताईंचा शेरा: “मोठ्यांशीच जास्त बोलते. बरोबरीच्या मुलांत फारशी नसते. थोडी आगाऊ वाटते.” म्हणजे गप्प राहिली तरी घरशाळा, बोलली तरी घरशाळा. मध्ये एकदा तिला सर्दी झाली होती, तिचे खापर कशावर फोडायचे ते विचारायचे राहून गेले.

आपल्या लेखिका ‘संशोधन सांगते’ एवढेच लिहून पुढे जातात. कोणते संशोधन? मला माहीत असलेले एक सांगते. १९९२ साली अमेरिकेत, फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी शायर्स यांनी पीएच.डी.साठी आठ ते दहा वर्षांची ७० घरी शिकणारी आणि ७० शाळेत जाणारी मुले निवडली. खेळताना, एकत्र काम करताना त्यांचे निरीक्षण केले. कोण शाळेतले आणि कोण घरचे, हे निरीक्षकांना सांगितलेले नव्हते. स्वतःबद्दलच्या कल्पनेत दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. वागणुकीच्या तक्रारी घरी शिकणाऱ्यांत कमी निघाल्या. आता १४० मुलांवरून जगाचा निकाल लावता येत नाही, आणि अशा पाहण्यांना बहुधा हौशी, उत्साही पालकच तयार होतात, हे मलाही कळते. पण आमच्या ताईंना त्या निरीक्षकांच्या जागी बसवून बघायला मला फार आवडले असते.

घरशाळेत अडचणी नाहीत असे माझे म्हणणे नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाला वडिलांनी तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतले, इतर मुलांपासून मुद्दाम दूर ठेवले आणि विशीत त्याचे मन पार खचले. हे उदाहरण लेखात असते तर मी निमूट वाचले असते. आमची खरी अडचण तर लेखिकेच्या गावीही नाही. शाळेतली मुले आज भांडतात आणि उद्या त्याच बाकावर बसतात. भांडण आपोआप मिटते. आमच्याकडे भांडण झाले की पुढची भेट कधी, हे दोन आयांनी फोनवर ठरवायचे. तोवर दोघी मुली घुसमटतात आणि कधी कधी आयाच रुसून बसतात. यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आमचे भले झाले असते.

त्याऐवजी काय, तर जर्मनीत घरशाळेला मनाई आहे, आपणही विचार करावा! जर्मनीशेजारच्या ऑस्ट्रियात घरी शिकवायला परवानगी आहे आणि वर्षाअखेरीस मुलांची परीक्षा घेतात, हे सोयीस्करपणे विसरायचे.

जाता जाता, त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर आपल्या निबंध स्पर्धेचा अर्ज आहे. विषय ‘माझा मित्र’. मुलीने निबंध लिहूनही ठेवला आहे. पण अर्जात शाळेचे नाव, वर्गशिक्षकांची सही आणि शाळेचा शिक्का ‘अनिवार्य’. आपल्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळाले, “शिक्क्याशिवाय प्रवेशिका बाद होते.” पान एकवर आमची मुले समाजात मिसळत नाहीत म्हणून गळा काढायचा आणि शेवटच्या पानावर त्यांना दारातूनच परत पाठवायचे, हे एकाच अंकात कसे काय जमते? मुदत शनिवारी संपते आहे. सहीच्या जागी आईची सही चालेल का, तेवढे त्याआधी छापून कळवावे.

आपली,
एक पालक
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)