हटके व्हा म्हणता, पण खर्च कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून एक लेख हमखास असतो. अमक्याने चांगली नोकरी सोडली, नातेवाईक हसले, घरचे बोलेनासे झाले, पण हा पठ्ठ्या मागे हटला नाही आणि आज बघा त्याची कंपनी कुठच्या कुठे गेलीय. वाचायला भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी डोंबिवलीत अकरावी-बारावीचे गणिताचे क्लासेस घेते आणि पोरं हेच लेख मला फॉरवर्ड करून विचारतात, मॅडम, मग इंटिग्रेशन करायचंच कशाला? म्हणून म्हटलं आता लिहूयाच.

वेगळी वाट धरली की यश मिळतं का, हे बघायला परदेशातले कॉलेज सोडलेले अब्जाधीश कशाला हवेत, आपल्याकडे एकाच घरात दोन माणसं होऊन गेली. धोंडो केशव कर्वे म्हणजे अण्णा, आणि त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ म्हणजे आपले र. धों. दोघंही गणिताचे प्राध्यापक (म्हणून मला जरा जास्तच जिव्हाळा, ते असो). आणि दोघंही लोकांच्या दृष्टीने पार वाया गेलेले.

अण्णांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, तर मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार टाकला. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये बायकांसाठी विद्यापीठ. शेवट आपल्याला माहितीये, 1958 साली वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. म्हणजे तुमच्या पुरवणीला अगदी फिट्ट बसणारी सक्सेस स्टोरी.

आता मुलाकडे बघा. 1921 मध्ये, म्हणजे संततिनियमन हा शब्दसुद्धा चारचौघांत कोणी काढत नव्हतं तेव्हा, र. धों. नी मुंबईत त्याच्या सल्ल्याचं केंद्र काढलं. 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते 1953 मध्ये मरेपर्यंत, आणि तेही पदरचे पैसे घालून. वाचक आपल्या खासगी अडचणी लिहून पाठवायचे आणि हे गृहस्थ त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं छापायचे, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, 1934 साली कोर्टात बाजू मांडायला खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले तरी दंड झालाच. सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला 1952 साली, आणि पुढच्याच वर्षी हे गेले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं जगले.

आता मला सांगा, यातला जास्त हटके कोण? माझ्या मते मुलगा, आणि तेही बऱ्याच फरकाने. मग हटके असण्यानेच यश मिळत असेल तर सगळे हारतुरे त्याच्याकडे जायला हवे होते ना?

मला वाटतं गोम वेगळीच आहे. अण्णांनी नोकरी सोडली नाही! 1891 ते 1914 पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते, आश्रम होता त्या हिंगण्याहून चिखल तुडवत चालत यायचे, तास घ्यायचे, परत आश्रमात. महिन्याचा पगार चालू होता हे त्या प्रेरणादायी भाषणांत कोणी सांगत नाही. दुसरं म्हणजे लोक किती पचवतील याचा त्यांना बरोब्बर अंदाज होता. विधवेचं शिक्षण एकवेळ चालेल पण पुन्हा लग्न म्हटलं की माणसं बिथरतात, म्हणून त्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाचा प्रचार या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. स्वतः तसं लग्न केलेला माणूस बरं का हा! बाकी राहणी साधी, बोलणं मऊ, कोणाशी भांडण नाही, दारोदार जाऊन वर्गणी मागायची, सत्तरी उलटल्यावर परदेशातसुद्धा फिरून पैसे जमवले. आणि 1920 मध्ये गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला 15 लाख दिले, त्या काळातले 15 लाख! एसएनडीटी हे नाव तिथूनच आलं, ठाकरसींच्या आईचं. म्हणजे एका बाबतीत जगावेगळे आणि उरलेल्या सगळ्या बाबतीत चारचौघांसारखे, असं काहीसं ते गणित होतं.

र. धों. ना हे जमलं नाही, किंवा करायचंच नव्हतं. देव नको, सोवळं नको, कोणाची भीडभाड नको, वर लिहिणं असं बोचरं की ज्याला मदत करायचीय तोही दोन पावलं मागे सरेल. आणि विषय असा की कुठल्या शेटजींनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं असतं? ठाकरसी मिळायला विषयही तसा सोज्वळ लागतो.

कोणी म्हणेल ते हरले कुठे, आज तो सगळा माल मेडिकलच्या काउंटरवर टांगलेला असतो, टीव्हीवर अ‍ॅड लागते (आमच्याकडे ती लागली की अजूनही सासऱ्यांना अचानक पाणी प्यायला उठावं लागतं). मान्य, विचार जिंकला. पण माणसाच्या हाती काय लागलं? पुरवणीत ज्याला तुम्ही यश म्हणता, फ्लॅट, गाडी, टर्नओव्हर, त्यातलं त्यांना काहीही मिळालं नाही. त्यांनी ते मागितलंही नव्हतं, त्यांना आपलं म्हणणं खरं वाटत होतं म्हणून ते करत राहिले. आमची पोरं मात्र यश पाहिजे म्हणून हटके व्हायला निघालीयेत, आणि कशात हटके व्हायचं ते अजून ठरायचंय. हे मला जरा उलटंच वाटतं.

माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा खाली एक छोटी चौकट टाका. पहिली दोन-तीन वर्षं घर कोणाच्या पगारावर चाललं, बायकोच्या की वडिलांच्या पेन्शनवर, भांडवल कुठून आलं, लोन होतं का, राहती जागा स्वतःची होती का. एवढं कळलं तरी पोरांच्या आईबापांना पुष्कळ कळेल. आणि ज्यांचं बुडालं त्यांच्यावरही एखादा लेख येऊ द्या की, नाव बदलून का होईना. आमच्याच सोसायटीत एक मुलगा आहे, आयटीतला जॉब सोडून त्याने गुळाच्या चहाचं आउटलेट टाकलं, आईची एफडी मोडली, आणि वर्ष व्हायच्या आत शटर पडलं कारण समोरच्या फुटपाथला तोच चहा निम्म्या किमतीत मिळत होता. पोरगा हुशार आहे, हिशोबासकट सगळं सांगायला तयार आहे, मी विचारलंय त्याला. फक्त फोटो नको म्हणाला.

आपली,
एक वाचक, डोंबिवली