बाटली बुडते, झाकण तरंगतं

मा. संपादक,

माझा मुलगा कोपरखैरण्याच्या एका शाळेत तिसरीत आहे. दरवर्षी एकदा तरी पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' प्रोजेक्ट शुक्रवारपर्यंत आणणे. मग गुरुवारी रात्री दहा वाजता आम्ही दुकानात. गेल्या वर्षी तर रिकामी बाटली हवी म्हणून दोन लिटर कोल्डड्रिंक विकत आणलं आणि ते जगमध्ये ओतून ठेवलं, वर ग्लू गन, चमकी, रंगीत पेपर वेगळे, आणि थर्माकोलचा तुकडा (ज्याच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे तोच). पेनस्टँड झाला, फोटो निघाला, आठवडाभरात कचऱ्यात गेला. केलं सगळं मीच, ते सोडा.

यंदा एका नवीन बाईंनी वर्गात पाण्याचा टब ठेवला नि मुलांना घरचाच सुका कचरा आणायला सांगितला. आधी अख्खी बाटली टाकली, ती तरंगली, मुलं ओरडली. मग बाईंनी तिचा तुकडा कापून पाण्यात दाबून सोडला, तो तळाला गेला, आणि झाकणाचा तुकडा मात्र वर. म्हणजे बाटलीला तरंगवत होती ती आतली हवा, आणि बाटली नि झाकण हे दोन वेगळे प्लास्टिक, एक पाण्यापेक्षा जड, एक हलकं. रिसायकलिंगच्या कारखान्यातही चुरा करून असाच पाण्यात वेगळा करतात, हे मला चाळिशीत कळलं! मग चुंबक फिरवला, बिस्किटाच्या डब्याचं झाकण चिकटलं, कोल्डड्रिंकचा कॅन नाही चिकटला कारण तो ॲल्युमिनियमचा. चिप्सचं पाकीट कुठल्याच ढिगात बसेना, आत प्लास्टिक आणि चंदेरी थर असे एकमेकांना चिकटलेले, ते सोडवायचे कसे यावर म्हणे अर्धा तास भांडणं झाली. ही भांडणं मला सगळ्यात आवडली.

खर्च शून्य. अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करत विज्ञान कसं शिकवायचं ते कधीच दाखवून ठेवलंय, तरी आपल्याकडे स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हटलं की हजारो रुपयांचा किट आणि कपाटाला कुलूप.

तेव्हा शाळांना विनंती, प्रदर्शन बंद करा, टब ठेवा. आणि सहल मॉलमध्ये नेण्यापेक्षा इथल्याच निसर्ग उद्यानात न्या, ते जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे हे मुलांना तिथेच उभं करून सांगा, पायाखाली काय आहे ते विचारू द्या, मग तिथून तुर्भ्याला आताचा कचरा कुठे जातो तेही दाखवा.

आमच्या घरी सध्या झाकणांचा वेगळा डबा आहे, आणि भंगारवाला म्हणतो दोन किलो झाल्याशिवाय नेणार नाही. मुलगा रोज वजनकाटा काढतो. परवापर्यंत तीनशे ग्रॅम.

- एक पालक, कोपरखैरणे, नवी मुंबई